उतरल्यावर भांडू

बटण दाबलं गेलं होतं, पण आवाज तर तिने सोडलाच नव्हता.

काचेपलीकडच्या बंद खोलीत, कानांवर हेडफोन चढवून बसलेले आजोबा बटणावर अंगठा ठेवून मोठ्या समाधानाने तिच्याकडे बघत होते — आला, ऐकू आला! — आणि इकडे यंत्रावर तिचं बोट नुसतंच टेकलेलं... कान तपासून घ्यायला येणाऱ्या दहांतले चार तरी असेच, अंदाजाने दाबणारे. मघाशी बारीक शिट्टी आली, थोड्या वेळाने परत आली, म्हणजे आता येणारच, असं कान ठरवूनच टाकतो, आणि मग न आलेली शिट्टीही त्याला अगदी स्पष्ट ऐकू येते. यात लबाडी नसते. ऐकायची तयारी झालेली असते, एवढंच. आठ वर्षं ती या दवाखान्यात लोकांचे कान तपासत होती, तेव्हा अशांना कसं पकडायचं हे तिला पाठ होतं — ताल मोडायचा, मध्येच लांबच लांब थांबायचं, चेहरा मख्ख ठेवायचा. आजोबांनी आणखी दोनदा उगीचच बटण दाबलं. तिने तशी नोंद केली आणि नोंद करता करता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकराला पाच कमी. नवऱ्याचं विमान अकरा वीसला टेकणार, म्हणजे अकरा पाचपासून तरी कान लावायला हवा.

बाहेर बाकावर आजींनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "काय निघालं? येतं का ऐकू यांना?"

"उजवा कान बराच कमी झालाय. मशीन लावावं लागेल."

"अहो, कसला कमी! जिन्यात शेजारीण कुजबुजली तरी बरोबर कळतं यांना. माझं तेवढं ऐकू येत नाही."

काउंटरवरची मुलगी फिसकन हसली, आजोबाही हसले — न ऐकताच, सगळे हसतायत म्हणून. तिला मात्र हसू आलं नाही. आजींच्या तोंडून आपलंच मन कुणीतरी बोलून गेलं असं तिला वाटलं. तिने रिपोर्टवर सही केली, "डॉक्टर बोलावतील आत," म्हणाली, आणि पर्स उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीकडे निघाली. काउंटरवरचीला वाटायचं, ही रोज या वेळी आईला फोन करते. वाटू दे.

त्या खोलीत जुन्या फायली, मोडकी खुर्ची, कापसाचे गठ्ठे आणि विमानतळाच्या बाजूला उघडणारी एकच खिडकी. तिने पर्समधून रेडिओ काढला. तळहाताएवढा, अँटेना वाकलेली, पाठीला चिकटपट्टी. हा त्याचाच — शिकत होता तेव्हाचा. वैमानिक आणि कंट्रोल रूममधली माणसं काय बोलतात ते ऐकून ऐकून कान तयार व्हावा म्हणून त्याने पै पै जमवून घेतला होता, आणि नोकरी लागल्यावर कपाटाच्या तळाशी टाकून विसरूनही गेला होता. विसरणं हा तर त्याचा हातखंडा! तीन महिन्यांपूर्वी तिने तो बाहेर काढला, नवीन सेल घातले, आणि तेव्हापासून तिच्या दिवसाचे दोन तुकडे झाले. एक त्याला निरोप द्यायचा, एक त्याला ऐकायचा.

त्या बोलण्याची रीतच मोठी विलक्षण. खालून जे सांगतील ते वरच्याने शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं. नुसतं 'बरं' नाही, 'कळलं' नाही, 'हो हो' तर नाहीच नाही. डावीकडे वळा म्हटलं की डावीकडे वळतोय, अमुक उंचीवर या म्हटलं की अमुक उंचीवर येतोय, आकडा सुटा सुटा करून, शेवटी आपला नंबर लावून. आणि सांगणाऱ्याने ते परत म्हणणं कान देऊन ऐकायचं, चुकलं असेल तर तिथल्या तिथे टोकायचं. म्हणजे कुणीतरी बोलतं, दुसरा ते जसंच्या तसं उचलतो, आणि पहिला ते उचललेलं पुन्हा तपासून घेतो... एवढं कोण कुणाचं ऐकतं या जगात? घरात तर! ती सांगते, गॅस बुक केलाय, उद्या घरी थांब. तो म्हणतो, हं. ती म्हणते, माझ्या पाठीतून कळ निघतेय रे, दोन दिवस झाले. हं. परवा मुद्दामच म्हणाली, मी खिडकीतून उडी मारतेय. हं... आणि मग दोन सेकंदांनी, "काय म्हणालीस?" आणि तोच माणूस तिकडे कुणा बाईच्या एकेका अक्षराला असा जपतो, की जरा कुठे सांडलं तर आभाळ कोसळेल.

कोसळेलच म्हणा. ते तिलाही कळतं. कळण्याने काय होतं?

ती बाई म्हणजे बाईसाहेब. हे नाव तिनेच ठेवलेलं, मनातल्या मनात. येणाऱ्या विमानांना रांगेत लावून धावपट्टीपर्यंत आणून सोडणारा, जाणाऱ्यांना वाटेला लावणारा — अप्रोच म्हणतात त्या कामाला — तो आवाज — जाडसर, सावकाश, शेवटच्या शब्दावर किंचित खाली उतरणारा. चेहरा माहीत नाही, वय माहीत नाही, लग्न झालंय का देव जाणे. सकाळी नऊ ते दुपारी एक, मध्ये थोडी थोडी विश्रांती घेऊन, आठवड्यातून पाच दिवस. एवढं मात्र तिला माहीत होतं, कारण वहीत लिहून ठेवलं होतं. होय, वही! पंधरा वर्षांच्या संसारात जिने धोब्याचा हिशेब कधी लिहिला नाही तिने वही घातली. आणि त्यावरून तिला चिडवायलाही कुणी नव्हतं, कारण कुणाला सांगणार? नवरा कुणाशी तरी बोलतो हो. काय बोलतो? दिशा आणि उंची.

पण बोलायच्या आधी तो 'नमस्कार' म्हणतो ना. बाकीचे कंट्रोलर असले की नुसता नंबर, आणि बाईसाहेब असल्या की — नमस्कार. वहीत आहे. अठरा वेळा त्या असताना, दोनदा इतर असताना. आणि महिन्यापूर्वी जेवता जेवता, अगदी सहज, डाळीत भात कालवताना तो म्हणाला होता, "आज गर्दी होती वर, पण ती अप्रोचला असली ना, की निर्धास्त वाटतं बघ."

निर्धास्त. हा शब्द त्याला येतो हेच तिला माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत तिच्या वाट्याला 'छान', 'बरी आहे', 'ठीक', आणि एकदा दवाखान्यातून घरी येताना 'तू होतीस म्हणून' एवढेच आलेले. निर्धास्त तिकडे गेला, घडीही न मोडलेला.

आणि मुळात ही जागा माझी होती. हे कुणाला ठाऊक आहे? रेडिओच्या परीक्षेआधीचे ते तीन महिने, आईच्या स्वयंपाकघरातलं टेबल, तो भिंतीकडे तोंड करून बसलेला — चेहरा दिसला तर ऐकणं पक्कं होत नाही म्हणायचा — आणि मी पुठ्ठ्याची कार्डं हातात घेऊन हुकूम सोडतेय. उजवीकडे वळा. दिशा शून्य-नऊ-शून्य. सात हजार फुटांवर राहा. आणि तो, पाठमोरा, माझा शब्द न् शब्द परत देतोय. आई म्हणायची, लग्नाआधीच असा ताब्यात आलाय, नशीब काढलंस गं. मला तेव्हा खरंच वाटलं होतं, हे असंच चालू राहणार. म्हणजे मीच त्याची पहिली बाईसाहेब... आणि परीक्षा पास झाल्यावर कार्डं कुठे गेली ते त्याला विचारलं, तर म्हणाला, कसली कार्डं?

तिने अँटेना खिडकीबाहेर काढली. खरखर, मग एका पुरुषाचा तुटक आवाज, मग — हो, बाईसाहेबच. तिच्या मानेवरची शीर रोजच्यासारखी ताठ झाली. एका मालवाहू विमानाला त्या सांगत होत्या, चार हजार फुटांवर राहा, धावपट्टी अजून मोकळी नाही. चार हजार फुटांवर राहतोय, त्याने म्हटलं. सुरळीत. ती ऐकत होती, पण ऐकता ऐकता तिच्या डोक्यात सकाळच घुमत होती.

सकाळी तिने चूक केली होती. चूक म्हणजे काय, घरातला एक नियम मोडला होता. ड्यूटीवर जायच्या आधी भांडायचं नाही, हा त्यांचा नियम. सगळ्याच वैमानिकांच्या घरी असावा. यांच्या घरी त्याला नावही होतं — 'उतरल्यावर भांडू'. नव्या संसारात तर त्यावरून किती हसायचे दोघं, कारण उतरून तो घरी यायचा तोवर दोघांनाही भांडण आठवायचं नाही. पण आज तो बुटांच्या नाड्या बांधत होता, आणि नाड्या बांधता बांधता गुणगुणत होता, आणि ती दारात उभी होती, आणि ते गुणगुणणं तिला सोसेना.

"आज कोण आहे रे अप्रोचला?"

"मला काय माहीत? का?"

"नाही, खुशीत दिसतोस म्हणून विचारलं. घरात तुला कधी निर्धास्त वाटतं का रे?"

त्याने वर बघितलं. "सकाळी सकाळी हे काय काढलंस?"

"काही नाही. पण संध्याकाळी मी इथे असेन असं धरून चालू नकोस."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं? ठरवलेलं नव्हतं. माहेरी, दादाकडे जायचा विचारसुद्धा तिच्या मनात तोवर आला नव्हता. पण तोंडातून गेलं, आणि त्याची नाडी बांधणारी बोटं थांबली, आणि खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला. तो बॅग उचलून जिना उतरला. एका बुटाची नाडी तशीच लोंबत होती. ती तीन मजले खाली जाईपर्यंत तिला दिसत राहिली.

"नऊ-सहा." रेडिओवर त्याचा नंबर. ती खिडकीच्या चौकटीला टेकली.

"नऊ-सहा, डावीकडे वळा, दिशा दोन-चार-शून्य. पाच हजार फुटांपर्यंत उतरा."

आणि त्याचा आवाज. आज नमस्कार नाही, हे आधी तिच्या लक्षात आलं, आणि त्याचा आनंद व्हायच्या आत—

"डावीकडे, दिशा दोन-पाच-शून्य. चार हजार फुटांपर्यंत उतरतोय. नऊ-सहा."

चुकला.

ती ताडकन सरळ झाली. आकडे फिरवले याने! दिशेतला चार उंचीत टाकला आणि उंचीतला पाच दिशेत. चार हजारावर तर ते मालवाहू आहे, आत्ताच सांगितलंय, आत्ता... आता बाईसाहेब टोकतील. टोकतीलच. तेवढ्यासाठीच तर बसल्यात. पण रेडिओतून बाईसाहेबांचा आवाज आला तो तिसऱ्याच विमानाला, तसाच जाडसर, सावकाश — वेग कमी करा, तुमच्यापुढे दोन आहेत. म्हणजे यांनी ऐकलंच नाही. ऐकलं, पण आपण सांगितलेलंच ऐकलं. अंदाजाने बटण दाबलं! रोज इतकं चोख परत म्हणणारा माणूस, आजही चोखच म्हणणार, असं कानाने आधीच ठरवून टाकलं... "अगं चुकलाय तो!" ती मोठ्याने म्हणाली. "पाच सांगितलंस तू! पाच!" हातातला रेडिओ फक्त ऐकायचा. त्यात बोलायचं बटणच नाही. तरी तिने तो तोंडाजवळ धरला होता आणि कापसाच्या गठ्ठ्यांना ओरडून सांगत होती. तीन महिने जिचा घसा बसावा म्हणून मनातल्या मनात बोटं मोडली, तिला ती त्या क्षणी हात जोडायला तयार होती — ऐक ना गं, परत विचार ना त्याला, तुझं ऐकेल तो, माझं नाही ऐकू जायचं...

तिसऱ्या विमानाने आपलं परत म्हणून संपवलं. खरखर. एक. दोन. तीन.

"नऊ-सहा, उंची पाच हजार. पुन्हा सांगते, पाच हजार फूट. दिशा दोन-चार-शून्य. तपासून सांगा."

"पाच... पाच हजार. दिशा दोन-चार-शून्य. सॉरी. नऊ-सहा."

ती मोडक्या खुर्चीवर बसली. झालं, काही झालं नाही, दोघांत हजारावर फूट अंतर होतं अजून, आणि बाईसाहेब पुढच्या विमानाकडे वळल्यासुद्धा. तो आवाज एका केसाने हलला नव्हता. तिने डोळे मिटले.

आणि मिटल्या डोळ्यांसमोर आलं ते आईचं स्वयंपाकघर. एका संध्याकाळी दोघांचं वाजलं होतं. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागत होती आणि ती म्हणाली होती, मी जाणार. त्यानंतर कार्डं घेऊन बसले तर याने ओळीने आकडे फिरवायला सुरुवात केली, दिशेतला उंचीत, उंचीतला दिशेत, तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिने कार्ड टेबलावर आपटलं आणि तो पाठमोराच म्हणाला, "तू जाणार म्हटलंस ना, की मला आकडे दिसत नाहीत." पुढे एकदा सासरे अत्यवस्थ असताना याने भावाचा फोन चारदा चुकीचा लावला होता, दोन आकडे उलटे करून. बस. इतक्या वर्षांत एवढंच. एरवी हा माणूस आकड्यात चुकत नाही. मन दुसरीकडे असलं तरच, आणि तेही जिवाला लागलेलं काही असलं तरच, हे साऱ्या जगात एकट्या तिला माहीत होतं. बाईसाहेबांना काय माहीत? त्यांनी फक्त चूक दुरुस्त केली. चूक कुठून आली ते त्यांना सात जन्मांत कळायचं नाही.

म्हणजे तिथे मी होते. त्या दोघांच्या बोलण्यात, त्या चार आणि पाचच्या मध्ये... मीच होते.

हे सुचलं आणि तिला आनंद झाला. साधासुधा नाही, अंगभर, लहान मुलीसारखा. तो विसरला नव्हता! सकाळचं वाक्य घेऊन गेला होता, नऊ हजार फुटांवर, गर्दीत, बाईसाहेबांच्या तोंडावर तेच घेऊन बसला होता. तिने ओठ दाबून धरले तरी हसू आलंच. आणि मग, हसता हसता, त्या विमानात मागे सत्तर माणसं बसलेली असणार, हे तिला आठवलं.

फोन वाजला तेव्हा ती अजून तिथेच होती.

"उतरलो," तो म्हणाला. मागे इंजिनांचा गोंगाट. "पाऊण तासाने परत निघायचंय."

"बरं."

"अगं..." वरच्या गोष्टीबद्दल तो बोलणार नाही हे तिला माहीत होतं; वरची अडचण घरी त्याने कधीच सांगितलेली नाही. "संध्याकाळी आहेस ना घरी?"

आहे रे बाबा, कुठे जाणार मी? एवढं म्हणायचं होतं. सहा शब्द. त्याने त्याच्या मनातलं ओझं खाली ठेवलं असतं आणि सरळ आकडे बघितले असते. शब्द जिभेवर आले होते, तिला त्यांची चवसुद्धा लागली होती. पण त्याच्या आवाजात जो कातरपणा होता ना, तो कितीतरी वर्षांनी तिच्यासाठी होता. निव्वळ तिच्यासाठी. तो एवढ्यात सोडून द्यायचा?

"बघते," ती म्हणाली.

"बघते म्हणजे?"

"पेशंट बसलेत समोर. ठेवते."

फोन ठेवल्यावर समोरच्या कापसाच्या गठ्ठ्यांकडे ती बघत राहिली. खाली आली तर काउंटरवरची म्हणाली, "काय गं, रडलीस की काय? डोळे बघ तुझे."

"छे गं. छान वाटतंय आज." आणि ते खोटं नव्हतं, याचीच तिला भीती वाटली.

एका बाईच्या कानातला मळ, एका शाळकरी मुलीची चाचणी. मुलगी फार मन लावून ऐकत होती, ऐकू आल्याशिवाय बटण दाबत नव्हती. तिच्या त्या गंभीर चेहऱ्याकडे बघता बघता हिच्या कपाळावर घाम आला. तिने चाचणी संपवली न संपवली, फोन उचलला आणि त्याचा नंबर लावला. आहे मी घरी, एवढंच सांगायचं. बंद. पुन्हा लावला. बंदच, बसला असणार आत, दारं लागली असणार. आपण प्रयत्न तर केला, असं ती स्वतःला म्हणाली, आणि म्हणताना तिला स्पष्ट कळलं की पंचवीस मिनिटं आधीही हा प्रयत्न करता आला असता. घड्याळ समोरच होतं.

ती पुन्हा वर गेली. जिना चढताना दोनदा थांबली, कठड्याला धरून. अँटेना बाहेर. खरखर. तो उडाला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून पांढरा ठिपका वर चढताना दिसलाही, आणि मग बाईसाहेबांचा आवाज.

"नऊ-सहा, उजवीकडे वळा, दिशा शून्य-सात-शून्य. आठ हजार फुटांपर्यंत चढा."

"नीट ऐक गं बाई," ती पुटपुटली. "आज याच्यावर भरवसा ठेवू नकोस. मी काय करून बसलेय ते तुला माहीत नाही." तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्या बाईशी असं, बहिणीशी बोलावं तसं बोलून बघितलं, आणि बोलताना डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते. रेडिओ तिने दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला, श्वास रोखला.

"उजवीकडे, दिशा शून्य-सात-शून्य. आठ हजार फुटांपर्यंत चढतोय. नऊ-सहा."

शून्य-सात-शून्य. आठ. तिने मनाशी जुळवून बघितलं, एकदा, दोनदा. बरोबर होतं. सगळं बरोबर. आवाजही सरळ, जराही न अडखळता. सावरला होता तो. इतक्यात सावरला. आता तिने सुटकेचा श्वास सोडायचा होता, आणि ती त्याची वाट बघत उभी राहिली, पण छातीत जे हळूहळू खाली बसत गेलं त्याला सुटका म्हणता येईना. तिचे कान शरमेने तापले. हे दुसरंच काहीतरी होतं. बाळपणी सगळ्यांना पत्र येऊन आपल्याला आलं नाही की व्हायचं, तसं.

पांढरा ठिपका ढगात गेला. तीन चाळीसला तो परत येणार होता, आणि आपण तेव्हाही इथे, याच खिडकीशी येऊन उभ्या राहणार हे तिला आत्ताच कळत होतं. कशासाठी, तेही.